तहानलेल्या जिवाने प्रार्थना कशी करावी : स्तोत्र ४२ आणि ४३ यांच्या सोबतीने

देवाविषयीची ओढ हा विषय आपल्या उपासनेतील गीतांत वारंवार येतो, परंतु ती ओढ प्रत्यक्ष अंगावर आली म्हणजे तिचे करायचे काय, हे फारसे कोणी सांगत नाही. दृढीकरणाच्या वर्गात विश्वासांगीकार शिकवला जातो, दहा आज्ञा शिकवल्या जातात, प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतली जाते. मात्र प्रार्थनेला बसल्यावर समोर कोणीच नाही असे वाटू लागले आणि तरीही तेथून उठवेना, तर त्या अवस्थेत कसे वागावे याचे शिक्षण सहसा मिळत नाही. मग माणूस एक तर स्वतःला दोष देतो किंवा अधिक जोराच्या, अधिक आवाजाच्या सभा शोधत फिरतो. ज्यांना अशी तहान लागली आहे आणि तिला धरून प्रार्थना कशी करावी हे ज्यांना शिकायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही तहान प्रार्थनेतील अडथळा नसून तीच प्रार्थना आहे. तिला शब्द, वेळ आणि दिशा देणे आपल्या हाती आहे. ती भागवणे देवाच्या हाती आहे. हे म्हणणे नवे नाही. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी स्तोत्रांवर प्रवचने करताना सांगितले होते की माणसाची इच्छा हीच त्याची प्रार्थना होय, आणि इच्छा अखंड असेल तर जीभ गप्प असतानाही प्रार्थना अखंड चालू असते. बाराव्या शतकातील क्लेअरव्होचे मठाधिपती बर्नार्ड यांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले : ज्याला देव आधीच भेटलेला नाही, तो देवाला शोधूच शकत नाही. ही दोन वाक्ये मनात ठेवून बसले, तर प्रार्थनेच्या आरंभी येणारी अपराधी भावना बरीच कमी होते.

आधी करावयाची पारख

प्रत्येक उदासी ही देवाची तहान नसते, आणि प्रत्येक कोरडेपणाला आध्यात्मिक अर्थ चिकटवणे धोक्याचे आहे. एलीया संदेष्टा अरण्यात झुडपाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही; दूताने त्याला स्पर्श करून भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दाखवले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खाऊ घातले (१ राजे १९). होरेब डोंगर आणि तेथील मंद वाणी नंतर आली. म्हणून महिनोन्‌महिने रात्रपाळी करणाऱ्याने, बाळंतिणीने, घरात आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याने आधी झोप आणि जेवण यांकडे पाहावे. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कोणत्याच गोष्टीत रस उरलेला नाही, जगणे नको वाटते, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जावे; स्तोत्र हाती धरूनच जावे, पण जावे. औषध घेणे हा अविश्वास आहे असे सांगणाऱ्यांचे या बाबतीत ऐकू नये.

दुसरी पारख नात्यांची आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करण्यास प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). कोरडेपणाच्या मुळाशी अडवलेली वाटणी, न फेडलेले उसने किंवा मुद्दाम टाळलेले एखादे घर असेल, तर कितीही स्तोत्रे वाचली तरी ते काम टळणार नाही.

या दोन्ही गोष्टी पाहून झाल्यावरही कोरडेपणा उरत असेल, तर क्रूसाचे संत योहान (१५४२–१५९१) यांनी दिलेल्या तीन खुणा उपयोगी पडतात. स्पेनमधील या कार्मेली संन्याशाला त्याच्याच संघातील बंधूंनी तोलेदो येथे सुमारे नऊ महिने कोंडून ठेवले होते, त्यामुळे अंधाराविषयी तो ऐकीव गोष्टी सांगत नाही. पहिली खूण अशी की देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगाच्या गोष्टींतही वाटत नाही. दुसरी, आपण देवाची सेवा नीट करत नाही, मागे पडत आहोत, ही काळजी मनाला सतत लागून राहते. तिसरी, पूर्वीसारखे चिंतन जमत नाही. ज्याला केवळ कंटाळा आला आहे त्याला ही काळजी नसते, आणि त्याला दुसरीकडे कोठेतरी करमते. काळजी वाटणे हेच येथे जिवंतपणाचे लक्षण आहे.

स्तोत्र आणि त्यासाठीची वेळ

स्तोत्रसंहितेच्या दुसऱ्या भागाचा आरंभ ४२ व्या स्तोत्राने होतो. ते कोरहाच्या मुलांच्या, म्हणजे मंदिरात गाणाऱ्या एका लेवी घराण्याच्या, नावे आहे. ४३ व्या स्तोत्राला मूळ हिब्रूत शीर्षक नाही, आणि ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास’ हे पालुपद ४२ मध्ये दोनदा आणि ४३ मध्ये एकदा येते. त्यामुळे ही दोन्ही मिळून मूळचे एकच गीत असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रार्थनेसाठी ती एकत्रच घ्यावीत. गाणारा मनुष्य यरुशलेमेपासून दूर, उत्तरेकडे, यार्देनेच्या आणि हर्मोनच्या प्रदेशात आहे. मंदिर त्याच्या आवाक्यात नाही, भोवती टोमणे मारणारे लोक आहेत, आणि गीत संपते तेव्हाही तो तेथेच आहे. ही शेवटची गोष्ट वाचकांच्या नजरेतून बहुधा सुटते. हे तहान भागल्याचे गीत नाही. तहानेतच नीट उभे कसे राहावे हे शिकवणारे आहे.

रोज वीस मिनिटे पुरेत. वेळ आधी ठरवावी आणि ती मन लागण्यावर सोपवू नये. आधी दोन्ही स्तोत्रे मोठ्याने वाचावीत, निदान ओठ हलवून तरी. मग त्या आठवड्याचा भाग पुन्हा सावकाश वाचावा, थांबावे, आपल्या शब्दांत बोलावे आणि प्रभूच्या प्रार्थनेने शेवट करावा. एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही ही तक्रार खरी आहे, परंतु हे गीत रचणाऱ्यालाही त्याची हक्काची जागा मिळालेली नव्हती. पहाटे पाण्याची वेळ सांभाळणाऱ्या बाईला स्वयंपाकघर मिळते, कोणाला जिना मिळतो, कोणाला लोकलमधील खिडकी मिळते. जागा बदलली तरी चालेल. शक्य तोवर वेळ बदलू नये. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी याबाबत एक नेमकी सूचना दिली आहे : ज्या दिवशी प्रार्थना अगदी कोरडी जाते, त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे अधिकच बसावे. प्रार्थनेतून वेळेआधी उठण्याची सवय एकदा लागली की ती वाढत जाते, हे त्यांना ठाऊक होते.

एकेका भागाला एक आठवडा दिला तर हा क्रम साधारण सहा आठवड्यांत पुरा होतो. त्यामुळे पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या उपवासकाळात तो सहज बसतो, पण त्या काळाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पहिला आठवडा : मागणे कोणाचे आहे

पहिल्या दोन वचनांत हरिणी येते, पाण्याचे प्रवाह येतात आणि मग सरळ ‘जिवंत देव’ हे शब्द येतात. या आठवड्यात एकच काम करावे : देवाविषयी बोलणे थांबवून देवाशी बोलावे. ‘देव दूर गेला आहे असे वाटते’ हे वाक्य मनात आले की ते ‘हे देवा, तू दूर गेला आहेस असे मला वाटते’ असे फिरवावे. हा बदल लहान दिसतो, पण पहिल्या वाक्यात माणूस स्वतःशीच चर्चा करत असतो आणि दुसऱ्यात तो प्रार्थना करत असतो. पुष्कळ लोक वर्षानुवर्षे प्रार्थनेच्या वेळी स्वतःशी चर्चा करतात आणि उत्तर येत नाही म्हणून खंतावतात.

त्यानंतर एक प्रश्न वहीत लिहावा : मला नेमके काय हवे आहे? नोकरी, मुलीचे लग्न, आजारातून सुटका, घराचा ताबा, या गोष्टी मागण्यात काही चुकीचे नाही. प्रभूनेच रोजची भाकर मागायला शिकवले आहे. तरीही देवाची ओढ आणि देवाकडून मिळणाऱ्या गोष्टींची ओढ एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि त्या निवडून पाहिल्याशिवाय प्रार्थना पुढे सरकत नाही. यासाठी निर्गमाच्या ३३ व्या अध्यायाइतके चांगले साहाय्य मला दुसरे माहीत नाही. सोन्याच्या वासराच्या पापानंतर देव मोशेला सांगतो की वचन दिलेला देश मिळेल, पुढे दूत चालेल, शत्रू हाकलले जातील, मात्र मी स्वतः तुमच्याबरोबर येणार नाही. म्हणजे मागितलेले सर्व काही मिळणार होते, एक देणारा सोडून. मोशे ते नाकारतो. तू स्वतः येत नसशील तर आम्हांला येथून नेऊच नकोस, असे म्हणतो, आणि देव ते मान्य करतो तेव्हा तेवढ्यावर न थांबता तुझे तेज मला दाखव असे मागतो.

हा अध्याय वाचून स्वतःला विचारावे की मला असा देश देऊ केला असता तर मी काय म्हटले असते. उत्तर घाईने देऊ नये, आणि धार्मिक उत्तर तर मुळीच देऊ नये. ‘मी देश घेतला असता’ असे आढळले, तर तेच देवाला सांगावे. खोट्या उत्कंठेपेक्षा खरी कबुली बरी, आणि आपल्याला देवाची पुरेशी ओढ नाही याचे दुःख होणे हीदेखील ओढच आहे.

अश्रू, टोमणा आणि आठवण

तिसऱ्या वचनात रात्रंदिवस अश्रू हेच अन्न झाल्याचे सांगून लगेच लोकांचा प्रश्न येतो : तुझा देव कोठे आहे? दहाव्या वचनात तो पुन्हा येतो, आणि तेथे तो हाडे मोडल्यासारखा लागतो. दुसऱ्या आठवड्यात हा प्रश्न आपल्या आयुष्यात कोणाच्या आवाजात येतो ते शोधावे. कधी तो खरोखरच दुसऱ्याचा असतो, कधी रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या आपल्याच मनाचा असतो, आणि पुष्कळदा तो आपल्याच नातेवाइकांचा असतो. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या काळातील दोघांची ओढाताण लक्ष्मीबाईंनी इतक्या मोकळेपणाने लिहिली आहे की श्रद्धेची किंमत घरातल्या घरात कशी मोजावी लागते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्याला असा प्रश्न विचारला जातो त्याने विचारणाऱ्याशी वाद घालण्यापूर्वी तो प्रश्न स्तोत्रकर्त्याप्रमाणे देवापुढे, त्याच शब्दांत, वाचून दाखवावा.

आता चौथे वचन. गाणारा जुने दिवस आठवतो : उत्सव करणाऱ्या समुदायाबरोबर, गजर करत, आभाराची गीते गात तो देवाच्या मंदिराकडे जात असे. आठवण हे फार मोठे साधन आहे, पण तिला दोन तोंडे आहेत. एका प्रकारे आठवले की आठवण देवाकडे नेते. दुसऱ्या प्रकारे आठवले की तीच देवाच्या जागी बसते. आपल्या मंडळ्यांत दुसरा प्रकार अधिक दिसतो. तरुणपणीचे शिबिर, एखाद्या संजीवन सभेतील रात्र, गावच्या जुन्या चर्चमधील नाताळ, यांची आठवण काढून ‘आता तसे होत नाही’ म्हणत बसणे म्हणजे देवाची ओढ नव्हे. ती आपल्याच तारुण्याची ओढ असण्याचा संभव अधिक.

येथे पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण मनन करण्यासारखे आहे, आणि ते केवळ गौरवासाठी सांगितले जाते तेव्हा त्यातील शिकवण हरवते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त स्वतः सापडला नव्हता. ती भेट काही वर्षांनी झाली. संस्कृतात पारंगत, शास्त्रार्थात कोणाला हार न जाणारी, नव्या धर्माची तत्त्वे नीट समजून घेतलेली ही विदुषी तत्त्वे मिळाल्यावरही समाधान मानत नाही आणि ते उघडपणे लिहिते, यात मोठा दिलासा आहे. बाप्तिस्मा होऊन, प्रभुभोजन घेऊन, वर्षानुवर्षे बाकावर बसूनही ज्याला काहीतरी राहून गेले आहे असे वाटते, तो एकटा नाही.

त्याच रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये संजीवनाची लाट आली, मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करू लागल्या आणि त्याची वार्ता दूरदूरच्या देशांत गेली. परंतु रमाबाई त्या लाटेची आठवण सांभाळत बसल्या नाहीत. साध्या बायकांना कळेल असे पवित्र शास्त्र मराठीत असावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून अनुवादाचे काम हाती घेतले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत ते केले. छापखान्यात मुक्तीतील स्त्रियाच काम करत. त्या उत्कट दिवसांचे पुढे काय करायचे, याचे उत्तर त्यांनी व्याकरण आणि खिळे जुळवण्याच्या कामात दिले.

म्हणून या आठवड्यात एक आठवण लिहावी, एकच, आणि तिच्याखाली लिहावे की तेव्हा देवाने काय केले. आपल्याला काय वाटले ते नव्हे. सहाव्या वचनात गाणारा हेच करतो; तेथे तो उत्सव आठवत नाही, ‘मी तुझे स्मरण करतो’ म्हणतो, आणि तेही परक्या मुलुखातून.

जिवाशी बोलणे, आणि देवाकडे तक्रार

पालुपदाचा आठवडा सर्वांत अवघड जातो, कारण ते वाचताना आपण पहिला अर्धा भाग गिळून दुसऱ्या अर्ध्यावर उडी मारतो. ‘देवाची आशा धर’ हे म्हणण्यापूर्वी स्तोत्रकर्ता जिवाला ‘का’ असे विचारतो, आणि तो प्रश्न खरा आहे. म्हणून आधी विचारावे : हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? मग गप्प बसून उत्तर येऊ द्यावे. उत्तर पुष्कळदा अनपेक्षित आणि क्षुल्लक असते. एखादा अपमान, एखादी ईर्ष्या, पैशाची धास्ती. ते लिहून झाल्यावरच आशेचे वाक्य उच्चारावे. ‘मी त्याचे पुन्हा स्तवन करीन’ हे भविष्यकाळातील वाक्य आहे. आज स्तवन होत नसेल तर होत आहे असे भासवण्याची गरज नाही. प्रार्थनासभेत चेहरा हसरा ठेवण्याचा जो दंडक आपण घालून घेतला आहे, त्याला या स्तोत्रात कसलाही आधार सापडत नाही.

सातव्या वचनात पाणी मिळते, पण ते असे : डोहाला डोह हाक मारतो, धबधबे गर्जतात, लाटा डोक्यावरून जातात. ज्याने पाणी मागितले त्याला पुराला तोंड द्यावे लागते. येथे एकच शब्द धरून ठेवावा, ‘तुझ्या’. लाटा तुझ्या आहेत असे तो म्हणतो. प्रत्येक संकट देवाने मुद्दाम पाठवले आहे असा सिद्धान्त यातून काढू नये, आणि शोक करणाऱ्या दुसऱ्या माणसाला तर तो कधीही ऐकवू नये. बुडणाऱ्याने स्वतः आपल्या देवाला उद्देशून म्हणायचा हा शब्द आहे. पुढच्याच वचनात या स्तोत्रात एकदाच येणारे ‘परमेश्वर’ हे कराराचे नाव येते, दिवसा दया आणि रात्री गीत यांसह, आणि लगेच नवव्या वचनात ‘तू मला का विसरलास’ ही तक्रार येते. विश्वास आणि तक्रार अशी शेजारी शेजारी नांदतात. जो देवाला ‘माझा खडक’ म्हणतो, त्यालाच ही तक्रार करण्याचा अधिकार आहे, आणि तो त्याने वापरावा. अशी तक्रार करताना संकोच वाटला तर हे लक्षात घ्यावे की गेथशेमाने बागेत ‘माझा जीव अति खिन्न झाला आहे’ असे प्रभू येशू म्हणाला, त्या उद्गारात या स्तोत्राच्या जुन्या ग्रीक भाषांतराचे शब्द ऐकू येतात. आपल्याआधी त्यानेही हे पालुपद स्वतःच्या जिवासाठी घेतले.

एकट्याने न करण्याचा भाग

४३ व्या स्तोत्रात मागणे बदलते. तुझा प्रकाश आणि तुझे सत्य पाठव, त्यांनी मला तुझ्या पवित्र डोंगराकडे न्यावे, मग मी वेदीपाशी जाईन आणि वीणेवर तुझे स्तवन करीन. आतापर्यंत आत आत जाणारी वाट येथे लोकांकडे वळते. देवाची तहान लागली आहे म्हणून मंडळीत जाणे सोडणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. प्रवचन नीरस आहे, गाणे बेसूर आहे, पदाधिकारी भांडतात, ही त्यांची कारणे बहुधा खरीही असतात. तरी स्तोत्रकर्त्याची ओढ त्याला वेदीकडे, म्हणजे इतरांच्या गर्दीत आणि ठरलेल्या विधीत, परत नेते. म्हणून या आठवड्यात उपासना, मिस्सा किंवा प्रभुभोजन चुकवू नये, आणि ज्याच्याशी बोलणे टाळतो अशा एका माणसाची घरी जाऊन विचारपूस करावी. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही, हे योहानाने अगदी कोरड्या शब्दांत सांगितले आहे (१ योहान ४:२०).

वीणेऐवजी आपल्याकडे टाळ, पेटी आणि टिळकांची पदे आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो असे टिळक म्हणत, आणि ते त्यांच्या भजनांत पावलोपावली जाणवते : देवावाचून जीव राहत नाही ही आर्तता, देवाला माउली म्हणून हाक मारण्याचा हक्क, भेटीसाठी धरलेला हट्ट. परभाषेतून आलेल्या चालींवर ओढीची गीते गाणाऱ्या मराठी मंडळीला ही भाषा स्वतःच्या घरात सापडते. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील टिळकांचे एक पद निवडून ते आठवडाभर रोज संध्याकाळी घरच्यांबरोबर म्हणावे. आवाज चांगला असण्याची अट नाही.

तहान चुकीच्या ठिकाणी भागवण्याविषयी

यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात देव लोकांवर दोन दोष ठेवतो : त्यांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला, आणि पाणी न राहणारी फुटकी टाकी खोदली. टाकी खोदायला कष्ट पडतात, म्हणून ती आळशी लोकांची गोष्ट नाही. आपल्या फुटक्या टाक्यांपैकी मोबाइल सर्वांना ठाऊक आहे. जिच्याविषयी कमी बोलले जाते ती टाकी म्हणजे मंडळीतील अखंड धावपळ, समित्या, वर्धापनदिन, एका सभेतून दुसऱ्या सभेत, एका भाकीत सांगणाऱ्याकडून दुसऱ्याकडे. तहान लागली की पहिल्या पाच मिनिटांत आपला हात कोणत्या वस्तूकडे जातो, हे एक आठवडा केवळ पाहावे.

उपवास येथे उपयोगी पडतो. वर सोबत असेपर्यंत वऱ्हाड्यांनी उपास करायचा नाही, तो दूर नेला जाईल तेव्हा ते उपास करतील, असे प्रभू म्हणाला (मत्तय ९:१५). म्हणजे ख्रिस्ती उपवास हा विरहाचा आहे, मागणी मान्य करून घेण्यासाठी घातलेला वेढा नव्हे. आठवड्यातून एक जेवण सोडून ती वेळ स्तोत्राला द्यावी, वाचलेले पैसे किंवा धान्य गरजूला द्यावे (यशया ५८ याबाबत फार कडक आहे), आणि कोणाला सांगू नये. मधुमेह असलेल्यांनी, गर्भवतींनी व औषधे चालू असलेल्यांनी जेवणाऐवजी फोन सोडावा. तो सोडणे कित्येकांना अधिक जड जाईल.

आणखी एक नियम इग्नेशियस यांचाच आहे. अंधाराच्या दिवसांत आधी केलेला निश्चय बदलू नये. सेवा सोडणे, मंडळी बदलणे, नवस बोलणे, व्रत मोडणे, असे निर्णय मन स्थिर होईपर्यंत पुढे ढकलावेत, आणि तरीही घ्यावेच लागले तर पाळकांशी, धर्मगुरूंशी किंवा एखाद्या प्रौढ विश्वासणाऱ्याशी बोलून घ्यावेत.

काय अपेक्षावे

हा क्रम पुरा झाल्यावर तहान कमी होईल असे सांगता येत नाही. बहुधा ती वाढेल. मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी दशकानुदशके असा अंधार सोसत कोलकात्यातील सेवा केली हे जगाला कळले, आणि पुष्कळांना धक्का बसला. जुन्या गुरूंना बसला नसता. चौथ्या शतकातील निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी मोशेच्या जीवनावर लिहिताना म्हटले आहे की देवाला पाहण्याची इच्छा कधीच तृप्त न होणे, हेच खऱ्या अर्थाने देवाला पाहणे होय. ऑगस्टीन यांनी योहानाच्या पत्रावरील प्रवचनात हे कारण सोपे करून सांगितले : पिशवी लहान आहे आणि तिच्यात पुष्कळ भरायचे आहे हे कळले की माणूस ती ताणून मोठी करतो, देव विलंब लावून आपली इच्छा ताणतो आणि इच्छेने जीव मोठा करतो. ताणताना दुखते, एवढे मी त्यात माझ्यातर्फे जोडतो.

तहान वाढली आणि तिच्याबरोबर घरातल्यांवरची चिडचिड कमी झाली, दुसऱ्याचे दुःख ऐकण्यास वेळ देता येऊ लागला, स्वतःविषयीचे बोलणे थोडे घटले, तर मार्ग बरोबर आहे असे समजावे. उलट तहानेबरोबर इतरांना उथळ समजण्याची वृत्ती वाढत असेल, तर पहिल्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

४२ आणि ४३ नंतर ६३ वे स्तोत्र घ्यावे. तेही रुक्ष भूमीतले आहे, पण त्यात रात्रीच्या प्रहरी देवाचे चिंतन कसे करावे ते अधिक विस्ताराने येते, म्हणून झोप न येणाऱ्यांना ते विशेष उपयोगी आहे. ज्यांना वाट पाहण्याचाच शीण आला आहे त्यांनी १३० वे घ्यावे. ८८ वे स्तोत्र मात्र पहिल्यांदा वाचताना कोणीतरी सोबत असावे, कारण ते शेवटपर्यंत आशेकडे वळत नाही आणि वाचणाऱ्याला तेथेच सोडते; ज्याचे दुःख खरोखर तेवढे खोल आहे त्याला त्याच्याइतके दुसरे स्तोत्र उपयोगी पडत नाही. दीर्घ खंडानंतर जे पुन्हा उपासनेला जाऊ लागले आहेत त्यांनी ८४ वे घ्यावे, आणि ते घरी न वाचता रविवारी थोडे लवकर जाऊन मंदिरातच वाचावे.